फीचा पैसा वेगळा, दवाखान्याचा वेगळा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

बाळाच्या नावानं दरमहा एकच रक्कम बाजूला टाकायची, शिक्षण आणि दवाखाना दोन्ही त्यातच भागवायचं, असं तू फोनवर म्हणालीस. ही मोट मात्र बांधू नकोस. कॉलेजच्या फीचं साल आजच सांगता येतं. आजारपण विचारून येत नाही. दोन्हीचा पैसा एका खात्यात असला, तर पहिलंच ऑपरेशन फी गिळून बसेल.

म्हणून आधी विमा. जावईबापूंच्या कंपनीचा असला तरी तुम्हा तिघांचा स्वतःचाही घ्या, नोकरी सुटली की तो आधार बहुधा तिथंच राहतो. आणि ठणठणीत आहात तोवरच घ्या, कारण आधीपासूनच्या आजाराला बऱ्याच पॉलिसींत काही काळ संरक्षण मिळत नाही, कधी मिळतच नाही. डिडक्टिबल, म्हणजे बिलातली आपण भरायची पहिली रक्कम, जास्त ठेवली की हप्ता उतरतो. एजंट हे कौतुकानं सांगेल. पण तेवढी रक्कम बँकेत हाताशी असेल तरच तो सौदा स्वस्त, एरवी ऐन वेळी उसनवारी. घरखर्चाच्या १० टक्क्यांहून जास्त पैसा खिशातून उपचारांवर गेला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांत त्याला आपत्तीजनक खर्च म्हटलेलं आहे. विमा निवडताना ही रेघ डोळ्यांपुढे असू दे.

दवाखान्यातून घरी जायच्या घाईत एकरकमी आकडा भरून मोकळं होऊ नये. तपशीलवार बिल मागायचं, एकच तपासणी दोनदा लागली आहे का, न वापरलेलं सामान धरलं आहे का, ते बघायचं. तुला असं विचारायला संकोच वाटतो, माहीत आहे मला. नवऱ्याला पुढे कर. औषध जेनेरिक चालेल का, हे डॉक्टरांनाच विचार; मूळ घटक तोच असतो आणि किंमत बहुधा बरीच कमी. फिट्स किंवा थायरॉइडच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं बदलायच्या नाहीत.

आता फी. ७२ ला टक्केवारीनं भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. फी दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढत गेली, तर ९ वर्षांत दुप्पट आणि १८ वर्षांत चौपट. तुझी बचत नुसती पडून राहिली तर तिच्या मागे धावताना दमेल. सुरुवातीची वर्षं थोडी जोखीम घ्यायला हरकत नाही, पण शेवटच्या तीन-चार वर्षांत पैसा हळूहळू ठेवींकडे वळव. बाजार प्रवेशाची तारीख बघून थांबत नाही.

कॉलेज निवडताना छापलेली फी बघून घाबरायचं नाही आणि शिष्यवृत्ती बघून हुरळायचंही नाही. ती पहिल्याच वर्षापुरती आहे की दरवर्षी किती गुण टिकवावे लागतात, हे आधी विचारायचं. एखादं वर्ष वाढलं तर फी, राहणं, जेवण सगळंच पुन्हा, शिवाय कमाईचं एक वर्ष गेलं ते वेगळंच.

कर्ज काढावं लागलं तरी आभाळ कोसळत नाही. फक्त शिकत असतानाच त्याचं व्याज भरत जा. १० टक्क्यांनं चार वर्षं व्याजावर व्याज चढत गेलं तर १०० चे १४६ होतात आणि हप्ते त्यावर सुरू होतात. पण स्वतःच्या म्हातारपणाचे पैसे फीत घालू नकोस. हे तुला पटणार नाही, आई म्हणून मलाही पटायला जड गेलं असतं. शिकायला कर्ज मिळतं. म्हातारपण काढायला कोण देतं?

सही करण्याआधी पॉलिसीतलं ‘काय मिळणार नाही’ हे पान मला पाठव. चष्मा लावून सावकाश वाचते आणि फोन करते.

तुझी,
आई