सिनेमातल्या म्हाताऱ्यांना काम द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृद्धांवरचा सिनेमा म्हटला की रुमाल घेऊनच बसावे लागते. ‘बागबान’ (२००३) लोकांच्या लक्षात राहिला तो मुलांनी आईवडील वाटून घेतले म्हणून. मला त्यात वेगळेच खटकते. नायक बँकेतून निवृत्त झालेला, पण जन्मभर केलेल्या त्या कामाचा पुढे कुणालाच उपयोग होत नाही. त्याला मान मिळतो तो दुःख सोसून लिहिलेल्या पुस्तकामुळे!

बेळगावात आम्ही कन्नड सिनेमेही आवडीने पाहतो. राजकुमारांच्या ‘बंगारद मनुष्य’मध्ये (१९७२) बहिणीकडे गावी आलेला मामा ती विधवा झाल्यावर तिचा संसार सावरतो, शेतात राबतो. इथवर उत्तम. पण शिकलेला भाचा उलटतो आणि मामा घर सोडून जातो.

‘द इंटर्न’ (२०१५) या हॉलिवूडपटात मात्र जोडी जमते. ७० वर्षांचा विधुर एका तरुण बाईच्या ऑनलाइन कपड्यांच्या कंपनीत उमेदवारी करतो. तिला ज्या टेबलावरच्या पसाऱ्याचा राग येतो, ते कुणी न सांगता आवरून टाकतो. तरी पुढे त्याचा अनुभव तिच्या संसारातच जास्त खर्ची पडतो, हे आहेच.

आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात बघा. मुरलेला मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा कारागीर, वाळू मुठीत दाबून ओल सांगतो. डिप्लोमा झालेला पोरगा तीच वाळू यंत्रावर तपासून आकडा सांगतो. दोघांचे जुळले नाही की वाद. ओल खरेच जास्त असली तर कास्टिंगला (ओतलेल्या वस्तूला) भोके पडतात आणि माल भंगारात जातो, मग वय कुणी विचारत नाही. काही जुने मिस्त्री हातचे राखून शिकवतात, तर काही पोरे आकड्यापुढे कुणाचे ऐकत नाहीत. यात नाट्य कमी आहे का? पण आपल्या सिनेमात कष्ट एका गाण्यात उरकतात. गाणे संपले की नायक मोटारीतून उतरतो.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरे हल्ली मोबाइलवर लघुपट करतात. स्पर्धेसाठी आणखी एक वृद्धाश्रम रंगवण्याआधी त्यांनी फाउंड्रीत एक पाळी पूर्ण उभे राहून पाहावे. चहा आमच्याकडून. फक्त चप्पल घालून येऊ नका, बूट लागतील.

आपला,
एक निवृत्त मोल्डर, वडगाव, बेळगाव