आधी उलटं उतरायला शीक

सोलापूर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

सुट्टीत अंगणातल्या प्लायच्या रॅम्पवर बीएमएक्सने, म्हणजे त्या छोट्या चाकांच्या कसरतीच्या सायकलने, आधी काय शिकू, असं विचारलंस. आधी फेकी. वर चढायचं, थांबायचं आणि न वळता उलटं खाली यायचं. उड्याबिड्या नंतर.

तिथेच एक कर. बीएमएक्सवरून उतर, ती हाताने मागे ढकल आणि पायडलकडे बघ. तेही उलटं फिरेल, बेसावध असलीस तर नडगीवर बसेल. मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, कॅसेटचं आहे ना, चाक उलटं फिरलं की ते चेनला आणि क्रँकला, म्हणजे पायडलच्या दांड्यांना, सोबत ओढतं. उतरताना पाय रोवून धरलेस तर चाक अडतं, पुढचं चाक उचलतं आणि माणूस पाठीवर पडतो. फेकीत पडणारे बहुतेक असेच पडतात.

म्हणून पाय उलटे फिरवायचे. पण भराभरा नाही! तुझ्या सायकलीच्या चेनच्या पुढच्या चक्राला 25 दात, मागच्याला 9. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल 14-15 फूट जाते. तेवढ्यात रॅम्प संपून तू सपाटीवर आलेली असतेस. सगळा खेळ एका फेऱ्याचा. पाय किंचित जास्त फिरले तर हबची नुसती कटकट ऐकू येईल. कमी पडले तर मात्र अडलंच.

रॅम्प 3 फुटांचा आहे, पहिले दोन दिवस फुटभरच चढ. पायडलवर उभी राहा, दोन्ही पायडल एका पातळीत, कोपर सैल. वेग संपायच्या क्षणी खांद्यावरून मागे बघ. पुढच्या चाकाकडे बघत बसलीस की हँडल वाकडं होतं. उतरताना ब्रेक अजिबात नको. सपाटीवर वेग आपोआप मरतो, मग पाय टेक. मागची 15 फूट जागा मोकळी हवी, आजीच्या कुंड्या मी हलवते.

चेन मधोमध अर्धा इंच हलू दे, त्याहून सैल असली तर उतरते. टायरमध्ये 60 पीएसआय हवा.

आपल्याकडे मे महिन्यात नऊ वाजताच प्लायला हात लावता येत नाही, तेव्हा सराव सात ते आठ. रात्री रॅम्पवर जुनी चादर टाकते, नाहीतर सकाळी धुळीवरून टायर सरकतो.

सपाट तळाचे बूट आण. हेल्मेट इथे आहे. गुडघ्याचे पॅड लहान झालेत, माप कळव.

तुझी,
आई