रेकॉर्ड खराब झालेल्या ड्रायव्हरला गाडी कोण देणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

ट्रक ड्रायव्हर मिळत नाहीत, नवी पोरं या लाइनीत यायला तयार नाहीत, गाड्या मालकांच्या दारात उभ्या आहेत अशा बातम्या तुमच्या पेपरात अधनंमधनं येतात आणि त्या खऱ्याच आहेत. पण त्याच वेळेला आमच्या ऑफिसबाहेर असेही ड्रायव्हर येऊन बसतात ज्यांच्याकडं हेवी लायसन आहे, पंधरा-वीस वर्षं स्टेअरिंगवर गेलीत, घाटात गाडी कशी उतरवायची ते नव्या पोरांना शिकवतील, आणि तरी त्यांना कोणी गाडी देत नाही. कारण रेकॉर्ड खराब. कुणावर अपघाताची केस चालू आहे, कुणाचं लायसन मधे सस्पेंड झालं होतं, कुणाच्या नावावर जुन्या मालकानं काहीबाही सांगून ठेवलंय. मी चाकणला एका ट्रान्सपोर्टमधे गाड्यांवर ड्रायव्हर लावायचं काम करतो, म्हणजे या लोकांना हो की नाही ते सांगायचं माझ्याकडंच असतं, म्हणून हे पत्र लिहितोय.

आधी हे रेकॉर्ड आम्ही बघतो कसं ते सांगतो, कारण बाहेर लोकांना वाटतं की सरकारकडं प्रत्येक ड्रायव्हरची कुंडली तयार असते आणि बटण दाबलं की दिसते. तसं काही नाही. लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकली की सारथीवर, म्हणजे सरकारच्या लायसनच्या वेबसाइटवर, लायसन चालू आहे का, हेवीचं आहे का, कधीपर्यंत आहे एवढं कळतं. कॅमेऱ्याचं ई-चलान पडतं ते गाडीच्या नंबरवर, तेव्हा गाडी कोण चालवत होता ते त्यात नसतं. मग पोलिस व्हेरिफिकेशन मागतो, त्यात केस पेंडिंग असली की येते. आणि सगळ्यात शेवटी, पण खरा निर्णय ज्याच्यावर होतो ते म्हणजे जुन्या शेटला फोन. आता हा शेट कोण, तर ज्याच्याकडं ड्रायव्हरचा दोन-तीन महिन्यांचा पगार अडकलाय आणि म्हणून हा काम सोडून आलाय तोच! तो काय चांगलं सांगणार? डिझेल चोरतो, गाडी ठोकतो, फोन उचलत नाही. झालं, एका मिनिटाच्या फोनवर माणसाची सगळी सर्व्हिस पाण्यात.

एसटीत बघा, तिथं ड्रायव्हरचं चांगलं-वाईट दोन्ही लिहून ठेवतात, २५ वर्षं विनाअपघात गाडी चालवली की त्याचा सत्कार होतो, बिल्ला मिळतो. खाजगी ट्रकवाल्याची वीस वर्षं विनाअपघात गेली तर ती कुठंही लिहिलेली नसतात, एकविसाव्या वर्षी एक अपघात झाला की तेवढाच त्याच्या नावावर चिकटतो. अपॉइंटमेंट लेटर नाही, पीएफ नाही, पगाराची स्लिप नाही, मग दाखवणार काय?

ओव्हरलोडचं तर मला फार लागतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली तेव्हापासून ओव्हरलोडला २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार आहे. आणि सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ ला सगळ्या राज्यांना सांगितलं की माल वाहून नेणाऱ्या गाडीत ओव्हरलोड सापडला, ओव्हरस्पीड, सिग्नल तोडणं, मोबाईलवर बोलत चालवणं, दारू, यात लायसन कमीत कमी तीन महिने सस्पेंड करा. यातल्या बाकीच्या गोष्टी ड्रायव्हरच्या हातात आहेत, मान्य, पण गाडीत माल किती भरायचा हे ड्रायव्हर ठरवतो का हो? माल भरणारी पार्टी ठरवते, हुंडेकरी म्हणजे मालाला गाडी लावून देणारा दलाल ठरवतो, मालक फोनवरनं सांगतो की घेऊन टाक, पुढं बघू. ड्रायव्हर नाही म्हणाला तर त्याला खाली उतरवून दुसरा बसवतात. दंड मालक भरून मोकळा होतो, पुढच्या ट्रिपमधे काढतोही, पण लायसन तर ड्रायव्हरचंच जातं आणि ते तीन महिने त्याच्या घरात चूल कशी पेटते याची कुणी चौकशी करत नाही.

आता अपघाताची केस. आमच्याकडं एक जण आला होता, माणदेशातला, चाळिशी उलटलेला, बोलायला शांत. रात्री हायवेला गाडीचा प्रॉब्लेम झाला म्हणून कडेला लावली, इंडिकेटर चालू ठेवले, मागं दगडं-फांद्या ठेवल्या, आणि एक मोटरसायकलवाला मागून येऊन धडकला आणि गेला. वाईटच झालं, त्या घरावर काय आलं असेल त्याची कल्पना मला आहे आणि त्यांना न्याय मिळालाच पाहिजे. पण गाडीला मागं रिफ्लेक्टर पट्टी नव्हती, ती मालकानं लावलेली नव्हती, सांगूनसुद्धा. केस झाली ड्रायव्हरवर. तेव्हाचं कलम ३०४ अ, म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यू. जामीन झाला, पुढं तारखा सुरू झाल्या आणि चालूच आहेत. तारीख आली की लाइन सोडून जायचं, खाडा, वकिलाची फी, आणि मालक पहिल्या तारखेनंतर फिरकलेला नाही. मी त्याला घ्यावं असं मला मनापासून वाटत होतं पण आमचं काम ज्या कंपन्यांचं आहे त्यांच्या गेटवर पेंडिंग केसवाला ड्रायव्हर चालत नाही, फॉर्ममधे तसा रकानाच आहे, केस असेल तर गेटपास नाही. कोर्टानं दोषी ठरवलंय की नाही हे विचारायला त्या फॉर्ममधे जागा नाही.

मग असा माणूस जातो कुठं? घरी तर बसू शकत नाही. तो जातो जिथं कोणी काही विचारत नाही तिथं. रात्रीची वाळू, खडी, इन्शुरन्स संपलेला डंपर, फिटनेस नसलेली गाडी, टायर गुळगुळीत, पगार ट्रिपवर म्हणजे जितक्या जास्त फेऱ्या तितके पैसे, मग झोप कसली न काय. १९६१ च्या मोटार कामगार कायद्यात ८ तासांची ड्युटी लिहिलेली होती, या गाड्यांवर कोण तास मोजतंय. म्हणजे ज्याला आपण धोक्याचा ड्रायव्हर म्हणून चांगल्या गाडीवरनं उतरवलं त्यालाच सगळ्यात धोक्याच्या गाडीवर बसवतोय आणि त्याच रस्त्यानं आपली पोरंबाळं शाळा-कॉलेजला जातात. २०२२ मधे देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांच्या वर माणसं मेली, हा सरकारचा आकडा आहे. अशा गाड्या रस्त्यावर ठेवून तो खाली कसा येणार ते मला कुणी सांगावं.

एक मात्र स्पष्ट लिहितो, दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेल्याची बाजू मी घेत नाही. पहिल्यांदा सापडला असेल तर कायद्यात १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे ते व्हावं, आणि दुसऱ्यांदा सापडलेल्याला निदान माझ्या हातानं तरी लोडगाडीची चावी मिळणार नाही, तो कितीही गरीब असला तरी. पण दारूवाला, ओव्हरलोडमधे अडकलेला आणि ज्याची केस अजून कोर्टात आहे असा, या तिघांना एकाच टोपलीत टाकणं हा अन्याय आहे आणि सध्या सगळीकडं तेच चाललंय.

जानेवारी २०२४ चा संप आठवत असेल, पेट्रोल पंपावर रांगा लागल्या होत्या, मनमाडजवळ पानेवाडीतनं टँकर निघेनात. नव्या न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळून गेला तर १० वर्षांपर्यंत शिक्षा, त्याच्याविरुद्ध तो संप होता. नंतर १ जुलै २०२४ पासून संहिता लागू झाली तेव्हा कलम १०६ चा तो दुसरा भाग तेवढा थांबवला, पण पहिल्या भागात जुनी दोन वर्षांची शिक्षा वाढून पाच वर्षांपर्यंत झालीच. तेव्हा लोक चिडून म्हणत होते की ड्रायव्हर पळतातच का. अहो, थांबला तर जमाव जिता सोडत नाही म्हणून पळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मधे जखमीला दवाखान्यात नेण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर टाकलीय आणि त्यातच लिहिलंय की जमावाच्या रागामुळं शक्य नसेल तर ती गोष्ट वेगळी, म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही हे माहीत होतं. फक्त स्वतःचा जीव वाचवायला पळालात तरी लगेच जवळच्या पोलिस स्टेशनला जा नाहीतर ११२ ला फोन करा, हे मी प्रत्येक ड्रायव्हरला सांगतो, कारण पुढं केसमधे ह्याच गोष्टीला फार वजन असतं.

ड्रायव्हर भावांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी थोडं लिहितो. लायसन सस्पेंड असताना गाडी चालवू नका, कितीही अडचण असली तरी. त्याला १० हजार दंड आहे आणि तेव्हा अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी नुकसानभरपाईची वसुली मालकावर काढू शकते, म्हणून कोणताही शहाणा मालक अशाला गाडी देणार नाही. आरटीओनं लायसन रद्द किंवा अपात्र केल्याची ऑर्डर काढली तर ३० दिवसांत अपील करता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं आणि ते दिवस एजंटच्या मागं फिरण्यात जातात. अपघाताची केस असेल तर एफआयआर, पंचनामा आणि मोटार वाहन निरीक्षकानं गाडी तपासून दिलेला रिपोर्ट, याच्या कॉप्या काढून फाइल करून ठेवा. ब्रेक गेला होता की नव्हता ते त्या रिपोर्टमधे असतं आणि चूक गाडीची का ड्रायव्हरची हे दाखवायला तुमच्याकडं दुसरं काहीही नसतं. निर्दोष सुटलात तर निकालाची सही-शिक्क्याची नक्कल जपून ठेवा, मी अशी माणसं बघितलीत जी सुटलीत पण कागद नाही म्हणून आजही बाहेर बसलीत.

आणि कामाला जाल तिथं आधी स्वतः सांगा. लपवलेलं व्हेरिफिकेशनमधे निघतं आणि मग दार कायमचं बंद होतं. मोठी गाडी मिळत नसेल तर छोट्या गाडीपासून सुरुवात करायला कमीपणा मानू नका. नोव्हेंबर २०२४ मधे सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की साडेसात टनांच्या आतली मालाची गाडी साध्या एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर चालवता येते, तेव्हा छोटा टेम्पो, पार्सलची लोकल डिलिव्हरी, यार्डात गाड्या लावणं-काढणं, लांबच्या लाइनीला दुसरा ड्रायव्हर म्हणून जाणं, ही कामं मिळू शकतात. तिथं एक-दोन वर्षं नीट काढा आणि सोडताना मालकाकडनं लेटरहेडवर चार ओळी लिहून घ्या. ओरिजिनल लायसन मात्र शेटकडं ठेवायला देऊ नका, पगाराचं भांडण झालं की तेच अडकवून ठेवतात.

आता मालकांबद्दल, ज्यात माझी कंपनीही आली. आम्हाला ड्रायव्हर पाहिजेत म्हणून आम्ही ओरडतो, मग हे तयार ड्रायव्हर घ्यायची काहीतरी पद्धत बसवायला नको का? गाडीत जीपीएस आहे, कॅमेरा आहे, स्पीड दिसतो, जोरात ब्रेक मारला तरी मोबाईलवर अलर्ट येतो. पहिले सहा महिने अशा माणसाला दिवसाची लाइन द्या, ठराविक रूट द्या, महिन्याला बसवून त्याचा डेटा बघा. जमलं तर पर्मनंट करा, नाही जमलं तर उतरवा. हे जुन्या शेटला फोन करण्यापेक्षा कितीतरी खरं रेकॉर्ड आहे, आणि ते आजचं आहे.

सरकारकडं माझं मागणं असं की २०१९ च्या दुरुस्तीत सस्पेंड झालेल्या ड्रायव्हरला रिफ्रेशर ट्रेनिंग केल्याशिवाय लायसन परत द्यायचं नाही अशी तरतूद केलीय, ती चांगली आहे, पण मला आजवर कुणी तसं सर्टिफिकेट आणून दाखवलेलं नाही. भोसरीला सीआयआरटीसारखी (केंद्रीय रस्ता परिवहन संस्था) संस्था आहे, तसलं ट्रेनिंग जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू दे, त्या दिवसांचा भत्ता मिळू दे कारण हातावर पोट असलेला माणूस रोज बुडवून येणार नाही, आणि ते सर्टिफिकेट सारथीवर लायसनच्या पुढंच दिसू दे, म्हणजे माझ्यासारख्याला कंपनीच्या सेफ्टीवाल्यापुढं ठेवायला काहीतरी हातात असेल. ओव्हरलोड सापडला तर बिल्टीवर म्हणजे मालाच्या पावतीवर माल पाठवणारा म्हणून ज्याचं नाव आहे त्याच्यावर आणि मालकावर आधी कारवाई होऊ दे, ड्रायव्हरच्या लायसनला हात नंतर. आणि अपघातानंतर गाडी तपासल्याचा जो रिपोर्ट असतो त्याची एक कॉपी ड्रायव्हरला न मागता, फुकट मिळाली पाहिजे, त्यासाठी त्याला कोर्टात आणि चौकीत खेटे घालायला लागू नयेत.

तुमच्या पेपरनं या विषयावर एखादा मोठा रिपोर्ट करावा अशी विनंती आहे. निगडीचं ट्रान्सपोर्ट नगर, कळंबोली, भिवंडी, कुठंही सकाळी जाऊन उभं राहिलात तर असे ड्रायव्हर भेटतील, आणि इथं चाकणला आलात तर मी स्वतः बरोबर येऊन त्यांच्याशी गाठ घालून देईन.

आपला,
एक वाचक, चाकण