गाडीचा पावसाळा: उद्यमनगरच्या मेस्त्रीमामांना आभारपत्र

तीर्थस्वरूप मेस्त्रीमामा यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपण मोबाईलवर काही वाचत नाही हे मला ठाऊक आहे. हे पत्र आपला नातू आपल्याला वाचून दाखवील आणि मध्येच कुठे तरी त्याला थांबवून आपण "हे चुकीचं लिवलंय" असे म्हणाल, याचीही मला कल्पना आहे. तरीही ते उघडपणे लिहीत आहे. इंजिनात मिथेनॉलची, म्हणजे एका विषारी अल्कोहोलची, फवारणी बसवलेली शर्यतीची गाडी चार महिने बंद कशी ठेवावी, हे आपण मला दोन पावसाळे शिकवलेत. ते माझ्यासारख्या इतरांच्या उपयोगी पडावे आणि कोणाकडून आले हेही त्यांना कळावे, एवढाच हेतू आहे.

परवा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, गाडी शेडमधून बाहेर काढली. इंजिन सुरू करण्याआधी, आपण सांगितल्याप्रमाणे, नोझल, म्हणजे फवारा सोडणारे बारीक छिद्राचे तोंड, नळीला जोडून आपल्या काचेच्या मापनळीत धरला आणि पंप बरोबर एक मिनिट चालवला. मापनळीत ३६५ मिलिलिटर जमले. जूनमध्ये गाडी ठेवताना वहीत ३७० लिहिले होते. दोन वर्षांपूर्वी, आपली ओळख होण्याआधी, याच चाचणीत ९० मिलिलिटर आले होते आणि तेही धार होऊन, फवारा होऊन नव्हे.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र, हवा दाबतो तेव्हा ती तापते, आणि तापलेल्या हवेने पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन ठोकू लागते. ही हवा थंड करण्यासाठी इंटरकूलरच्या (हवा गार करणाऱ्या रेडिएटरच्या) पुढे, थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेच्या) आधी, पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण बारीक तुषारांच्या रूपात सोडतात. एक किलो पाणी वाफ होताना सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता ओढून घेते, मिथेनॉल सुमारे १,१००, तर पेट्रोल जेमतेम ३५० च्या आसपास. शिवाय मिथेनॉल स्वतः जळते आणि सहजासहजी ठोकत नाही. या भरवशावर गाडीच्या संगणकात ठिणगीची वेळ पुढे ओढलेली असते. म्हणून नोझल तुंबला तर केवळ ताकद कमी होत नाही. फवारा येतोच आहे असे समजून संगणक ठिणगी लवकरच टाकत राहतो आणि पिस्टनचा बळी जातो. माझा पिस्टन वाचला, कारण दोन वर्षांपूर्वी नोझल तुंबला त्या दिवशी मी योगायोगाने टर्बोच्या कमी दाबावर गाडी चालवत होतो. ती हुशारी नव्हती, हे आपण मला तेव्हाच सुनावले होते.

त्या वर्षी मी काय केले होते, तर काहीच केले नव्हते. मे महिन्यात कोइमतूरच्या ट्रॅकवरून ट्रेलरवर गाडी परत आणली, टाकीत अर्धे मिश्रण तसेच ठेवले आणि वर ताडपत्री घातली. मिश्रणातले पाणी आमच्या बोअरचे होते. ऑक्टोबरमध्ये पंप नुसता गुरगुरू लागला. पंपाचे दुकान कोणते, या चौकशीत कोणी तरी उद्यमनगरातल्या आपल्या डिझेल पंप-नोझलच्या वर्कशॉपचे नाव सुचवले आणि मी पिशवीत पंप, फिल्टर, नोझल असे सगळे भरून आपल्या दारात उभा राहिलो.

आपण नोझल भिंगाखाली धरलात, त्यावरचा पांढरा थर सुईने खरवडलात आणि त्यातला थोडा लिंबाच्या रसात टाकलात. तो फसफसला. "हे तुझ्या बोअरचं," आपण म्हणालात. मग नोझलच्या अॅल्युमिनियमच्या होल्डरमधून जेलीसारखा दुसराच पांढरा चिकटा काढून दाखवलात, जो फसफसला नाही. "आणि हे तुझ्या होल्डरचं." क्षारयुक्त पाण्यात मिथेनॉल घातले की पाण्यातले काही क्षार विरघळलेले राहू शकत नाहीत आणि खाली बसतात, मिथेनॉल आणि असले पाणी मिळून महिनोन्‌महिने अॅल्युमिनियमवर पडून राहिले की ते धातू खाते, हे दोन्ही त्या पाच मिनिटांत कळले. त्यानंतर मी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरतो, आणि होल्डर स्टेनलेस स्टीलचा आहे, जो आपण आपल्या लेथवर कातून दिलात व ज्याचे पैसे आपण घेतले नाहीत. पहिले आभार त्याबद्दल.

दुसरे आभार माझ्या हातातला छापील कागद बाजूला ठेवल्याबद्दल. त्या कागदावर हिवाळ्यासाठी गाडी बंद ठेवण्याची यादी होती आणि मी ती पाठ केली होती. आपण ती शांतपणे ऐकून घेतलीत आणि विचारलेत, "बर्फ कुठं पडतंय रं आपल्याकडं?" त्या यादीतली निम्मी कलमे थंड देशांची होती. तिथे नुसते पाणी पंपात राहिले तर गोठून फुगते आणि पंपाचे कवच, नळ्यांचे जोड, विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह फोडते. निम्मे पाणी आणि निम्मे मिथेनॉल असे मिश्रण मात्र उणे ४० अंशांपर्यंत गोठत नाही, म्हणून तिथले लोक पंपात ते मिश्रण सोडतात. ती भीती त्यांची खरी आहे आणि तो उपायही खरा आहे. आपल्या कोल्हापुरात जानेवारीतही पारा शून्याच्या आसपास फिरकत नाही. आपली गाडी बंद राहते ती जून ते सप्टेंबर, आणि तिचे शत्रू दमटपणा, बुरशी, उंदीर आणि पंचगंगा. यादी तीच, पण प्रत्येक कलमाचे कारण वेगळे, आणि कारण बदलले की काम बदलते, हे आपण एकेक कलम खोडत दाखवलेत.

उदाहरणार्थ, पंप कोरडा ठेवावा की ओला, यावर आपण माझ्याशी अर्धा तास बोललात. मी कोरडा म्हणत होतो. आपण कोपऱ्यातून शेतकऱ्यांच्या पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपांची रास दाखवलीत. आतला पंप तोच, बारा व्होल्टचा, आत हलणाऱ्या रबरी पडद्याचा. हंगाम संपला की औषधासकट ठेवलेले पंप आणि धुऊन उन्हात खडखडीत वाळवून ठेवलेले पंप, दोन्ही प्रकार आपल्याकडे दुरुस्तीला येतात. पहिल्यात कचरा अडकलेला असतो, दुसऱ्यात रबरी झडपा बैठकीला चिकटलेल्या असतात. म्हणून ओला. पण नुसत्या पाण्याने ओला ठेवला तर गोठणार नाही, तरी चार महिन्यांत आत शेवाळी चिकटा धरतो. त्यामुळे शेवटी आपणही पंपात निम्मे-निम्मे मिश्रणच ठेवायला सांगितलेत, थंडीच्या लोकांसारखेच, पण बुरशी धरू नये म्हणून. मला या गोष्टीचे हसू आले होते, आपल्याला नव्हते.

एका बाबतीत मी आपल्याशी वाद घातला, तोही इथे कबूल करतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांच्या इंजिनांत एमडब्ल्यू ५० नावाचे मिश्रण फवारले जाई. त्यात ५० टक्के मिथेनॉल, ४९.५ टक्के पाणी आणि ०.५ टक्का गंजरोधक तेल असे. १९६२ च्या ओल्ड्समोबाईल जेटफायर या टर्बोच्या मोटारीसाठीही गंजरोधक घातलेले असेच मिश्रण विकले जात असे. हे वाचून मी आपल्यासमोर टू-स्ट्रोकच्या तेलाची बाटली ठेवली. आपण पंप उघडून पडद्याच्या कडेचे अक्षर दाखवलेत: ईपीडीएम. हे रबर मिथेनॉलमध्ये उत्तम टिकते आणि खनिज तेलात फुगून निकामी होते. उलट इंधनाच्या कामात सर्रास चालणारे साधे व्हिटॉन रबर मिथेनॉलमध्ये फुगते. विमानातला पंप वेगळा, त्याची रबरे वेगळी. "ज्यानं तेल घातलं त्यानं पंप बी तसा बनवला आसंल की," हे आपले वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. बाटली माझ्या मोपेडच्या कामी आली.

आता गेल्या जूनमध्ये आपल्या देखरेखीखाली जे केले ते क्रमाने मांडतो, म्हणजे चुकले असल्यास आपण दुरुस्त कराल. टाकीतले मिश्रण घट्ट झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये काढले, हायड्रोमीटरने (द्रवाची घनता दाखवणाऱ्या नळीने) त्याचे प्रमाण मोजले आणि कॅनवर तारीख, प्रमाण आणि "विष" असे ठळक लिहिले. झाकण सैल राहिले तर मिथेनॉल पाण्याआधी उडून जाते आणि ऑक्टोबरमध्ये हातात येते ते नाव तेच असलेले पातळ पाणी, म्हणून मोजणी दोन्ही वेळा. नोझल हवेच्या पाइपमधून बाहेर काढला आणि मगच दोन लिटर डिस्टिल्ड पाणी पंपातून बाटलीत सोडले. हे "मगच" महत्त्वाचे. बंद इंजिनात नोझल तसाच ठेवून पंप चालवला तर पाणी सिलिंडरमध्ये साचते, पाणी दाबले जात नाही, आणि स्टार्टर मारताच पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. नंतर फिल्टरची जाळी उलटी धुतली, नोझल सायट्रिक अॅसिडच्या कोमट पाण्यात तासभर ठेवून पुन्हा डिस्टिल्ड पाण्याने धुतला आणि डबीत ठेवला. शेवटी ताजे मिश्रण अर्धा लिटर टाकीत घालून ते पंपात भरेपर्यंत चालवले, फ्यूज काढला आणि पंपाच्या कनेक्टरला ग्रीस लावले. पेट्रोलची टाकी, बॅटरी, टायर यांचे सगळ्यांना माहीत असलेलेच केले.

नोझल काढल्यावर हवेच्या पाइपवर राहिलेल्या भोकाला मी चिकटपट्टी लावली होती. आपण ती काढून आट्याचा बोल्ट बसवलात आणि नळीच्या मोकळ्या टोकालाही टोपी घातलीत, कारण कुंभारमाशीला असे भोक सापडले की ती त्यात मातीचे घर बांधते आणि ती माती सरळ इंजिनात जाते. नायलॉनच्या नळीवर जाळीचे आवरण चढवले ते उंदरांसाठी. थंड देशांच्या त्या यादीत कुंभारमाशी नव्हती.

जागेचा प्रश्नही आपणच काढलात. आमचे घर दुधाळीत. २०१९ आणि २०२१ च्या महापुराने आमच्या भागाचे काय केले ते आपण पाहिले आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, आणि रस्ते बंद होईपर्यंत ट्रेलर मिळत नाही, म्हणून गाडी जूनच्या पहिल्या आठवड्यातच आर. के. नगरच्या उंचावरच्या शेडमध्ये गेली पाहिजे, असे आपण ठरवून टाकलेत आणि शेडच्या मालकाला स्वतः फोन केलात. दर पंधरवड्याला तिथे जाऊन फ्यूज लावायचा, नळीचे टोक बाटलीत धरून पंप दहा सेकंद फिरवायचा आणि फ्यूज पुन्हा काढायचा, हे मी नियमाने केले. एकदा चुकलो तेव्हा आपला नातू जाऊन करून आला, त्याचेही आभार.

मिथेनॉल हाताळण्याबाबत आपण जितके कडक होता तितके इतर कशाबाबत नव्हता. शीतपेयाच्या बाटलीत ते कधीही ओतायचे नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे मिथेनॉल मिसळलेल्या दारूने गेली. घोटभर पोटात गेले तरी डोळे जाऊ शकतात. ते कातडीतूनही शिरते, म्हणून हातमोजे, आणि तंबाखू मळण्याआधी साबणाने हात. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. पहिल्या दिवशी आपण एका ताटलीत चमचाभर पेटवून उन्हात ठेवलेत आणि मला विचारलेत, "जळतंय का इझलंय?" मी विझले म्हणालो. आपण वर कागद धरलात आणि तो काळा पडून पेटला. ते पाहिल्यापासून माझ्या शेडमध्ये वेल्डिंगच्या दिवशी कॅन बाहेर असतो.

परवाच्या चाचणीनंतर जुने मिश्रण टाकले नाही, मोजून वापरले. पहिले दोन दिवस संगणकातल्या कमी दाबाच्या सेटिंगवर गाडी चालवली, फवारा सुरू होतो त्या क्षणी हवेचे तापमान खाली येते का ते पाहिले, मिश्रणाची टाकी रिकामी झाल्यावर टर्बोचा दाब आपोआप उतरवणारा सेन्सर मुद्दाम रिकाम्या टाकीवर तपासला. सगळे ठीक आहे. ते पाच मिलिलिटर कुठे गेले, हे मात्र मला कळलेले नाही. जाळीत काही दिसत नाही. नोझल घेऊन शनिवारी दुपारी वर्कशॉपवर येतो. आपली मापनळीही तेव्हाच परत आणतो, जूनपासून माझ्याकडेच राहिली आहे.

आपला कृतज्ञ,
आपण ज्याला "दुधाळीचा इंजिनिअर" म्हणता तो
कोल्हापूर