नॉर्वेची ‘हेस्टमांडेन’ आणि आपले बोटीवरचे लोक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

५ एप्रिलला नॅशनल मेरीटाइम डे असतो. १९१९ साली सिंदिया या भारतीय शिपिंग कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट याच तारखेला मुंबईहून लंडनला निघाली म्हणून हा दिवस पाळतात, शाळेत पोरांना तेवढं सांगतात, भाषणं होतात आणि संपलं. बोटीवर जी माणसं काम करतात, ज्यांनी युद्धात जीव दिला, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. मी मर्चंट नेव्हीत इंजिन साइडला नोकरी केली, आता रिटायर होऊन नेरूळला असतो, आणि आपल्या वाचकांना नॉर्वेच्या एका छोट्या मालवाहू बोटीबद्दल सांगावं असं बरेच दिवस मनात होतं.

बोटीचं नाव ‘हेस्टमांडेन’. १९११ ला बर्गनजवळ लाक्सेवोगच्या यार्डात बांधली, साठेक मीटर लांब, कोळशावर चालणारं स्टीम इंजिन, काम काय तर नॉर्वेच्या किनाऱ्याने माल आणि पॅसेंजर नेणं. म्हणजे दिसायला काहीच खास नाही, अशा बोटी तेव्हा शेकड्याने होत्या. पण ही बोट दोन्ही महायुद्धांत चालली आणि दोन्हींतून परत आली. पहिल्या युद्धात नॉर्वे न्यूट्रल होता तरी जर्मन पाणबुड्यांनी त्यांची जहाजं बुडवलीच, जवळपास २००० नॉर्वेजियन खलाशी त्यात गेले. ही वाचली. खलाशी लोक तिला लकी बोट म्हणायचे.

मग ९ एप्रिल १९४० ला हिटलरने नॉर्वेवर हल्ला केला. नॉर्वे देश छोटा पण व्यापारी जहाजांचा ताफा जगात चौथ्या नंबरचा, त्यातले तेलाचे टँकर तर एकदम नवे. जर्मनांच्या बाजूने गेलेल्या क्विसलिंगच्या लोकांनी रेडिओवरून जहाजांना ऑर्डर दिली की घरी नाहीतर न्यूट्रल बंदरात या, आणि बाहेर समुद्रात असलेल्या कॅप्टन लोकांनी ती ऑर्डर मानली नाही. घरी बायका-पोरं जर्मनांच्या ताब्यात आणि हे लोक परत फिरले नाहीत, विचार करा! राजा हाकोनच्या सरकारने ही सगळी जहाजं ताब्यात घेऊन एकच कंपनी केली, नॉर्ट्राशिप, लंडन आणि न्यूयॉर्कला ऑफिस, जवळपास हजार जहाजं, तेव्हा जगातली सगळ्यात मोठी शिपिंग कंपनी. ब्रिटनच्या विमानांना लागणारं पेट्रोल बऱ्याच प्रमाणात यांच्याच टँकरने आलं. ‘हेस्टमांडेन’सुद्धा नॉर्वे पडल्यावर निसटून ब्रिटनच्या बाजूला आली आणि युद्ध संपेपर्यंत राहिली. ताफ्यातली निम्म्याच्या आसपास जहाजं बुडाली, तीन हजारांहून जास्त खलाशी गेले. ज्यांनी इंजिन रूममध्ये काम केलंय त्यांना वेगळं सांगायला नको, टॉर्पेडो बहुतेक वेळा तिथेच लागायचा आणि खाली वॉचवर असलेल्याला शिडीपर्यंत पोचायला वेळच मिळायचा नाही.

युद्धानंतर जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. युद्धात खलाशांना जो वॉर बोनस मिळायला हवा होता त्यातला काही भाग त्यांच्या हातात न देता एका गुप्त फंडात ठेवला होता. खलाशी म्हणाले हे आमचे पैसे आहेत, आम्हाला द्या. सरकारने नाही म्हटलं, केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९५४ ला खलाशी हरले. तोपर्यंत बरेच जण आजारी, कोणाला झोप लागत नाही, कोणी दारूत गेलेला, डॉक्टरांनी नंतर त्याला ‘वॉर सेलर सिंड्रोम’ असं नाव दिलं. शेवटी १९७२ ला तिथल्या पार्लमेंटने पैसे मंजूर केले, ज्याने जितके महिने बोटीवर काढले त्या हिशोबाने. आणि २०१३ ला संरक्षणमंत्र्यांनी सरकारच्या वतीने जाहीर माफी मागितली. फार उशिरा, पण मागितली.

‘हेस्टमांडेन’चंही तसंच. युद्धानंतर परत किनाऱ्यावर माल वाहायला लागली, मग नाव बदलून ‘वेगाफ्योर्ड’ झालं, साठच्या दशकात काम संपलं आणि भंगाराची वाट बघत उभी राहिली. १९७९ ला जुन्या बोटी जपणाऱ्या तिथल्या एका क्लबने ती वाचवली. नव्वदच्या दशकात सरकारने ठरवलं की हीच युद्धातल्या खलाशांचं राष्ट्रीय स्मारक करायची, मग क्रिस्टियानसांडला वर्षानुवर्षं काम चाललं, जुन्या पद्धतीने रिव्हेट मारून प्लेटा बसवल्या, आणि २०११ ला, बोट शंभर वर्षांची झाली तेव्हा, ती तयार झाली. आज ती स्वतःच्या स्टीम इंजिनवर चालते, माल ठेवायच्या होल्डमध्ये खलाशांचं म्युझियम आहे. शिवाय युद्धात बोटीवर असलेल्यांचं एक मोठं रजिस्टर नॉर्वेवाल्यांनी इंटरनेटवर टाकलंय, आजोबांचं नाव टाका, कुठल्या बोटीवर कधी होते ते बघा.

आता आपल्याकडे या. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश जहाजांवरच्या खलाशांत साधारण चौथा हिस्सा आपले लोक होते. रत्नागिरी, गुहागर, दापोलीकडचे, गोव्याचे, सिल्हेट आणि चितगावचे. बोटीवर हुद्दे सारंग, टंडेल, आगवाले, तेलवाले, भंडारी. पगार गोऱ्या खलाशाच्या पाव वगैरे, त्यासाठी १९३९ ला युद्ध लागताच आपल्या लोकांनी परदेशातल्या बंदरांत संप केले, जेलमध्ये गेले, तेव्हा कुठे पगार वाढला. नॉर्वेच्या बोटींवरही भारतीय खलाशी होते. युद्धात आपले सगळे मिळून सहा हजारांहून जास्त खलाशी मेले. कोकणात आजही म्हातारी माणसं ‘बोटीवर गेला तो आलाच नाही’ एवढंच सांगतात, कुठली बोट, कुठे बुडाली, काही माहीत नाही.

त्यांचं स्मारक मुंबईत आहे! मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या युद्धातल्यांची नावं तिथे ब्राँझच्या पाट्यांवर आहेत, दुसऱ्या युद्धातल्यांची नावं मात्र रजिस्टरमध्ये, भिंतीवर नाहीत. नवी मुंबईत नेरूळ, सीवूड्स, खारघरला प्रत्येक सोसायटीत एक तरी घर बोटीवरचं असेल, करावेला मर्चंट नेव्हीचं ट्रेनिंग देणारं टीएस चाणक्य आहे, समोर जेएनपीटी (आता जेएनपीए) बंदर आहे, आणि इथल्या किती लोकांनी ते स्मारक पाहिलंय? मी विचारलं त्यातल्या बहुतेकांना ते आहे हेच माहीत नव्हतं, चांगल्या चीफ ऑफिसर झालेल्या मुलांनासुद्धा. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात फायर ब्रिगेडचे ६६ जवान गेले, त्यांची आठवण दरवर्षी अग्निशमन दिनाला काढतात आणि ते योग्यच आहे. पण त्याच स्फोटात इतर जहाजंही जळाली, एक नॉर्वेची ‘ग्रासिओझा’ पण होती, आणि त्या बोटींवरच्या खलाशांचं नाव कोणी घेत नाही.

मोठं जहाज जपणं सोपं नाही हे मी मानतो. आपली जुनी विमानवाहू ‘विक्रांत’ १९९७ ला रिटायर झाली, म्युझियम केली, २०१२ ला धोकादायक म्हणून बंद झाली आणि २०१४ ला दारूखान्याच्या जहाजं तोडायच्या यार्डात तोडायला घेतली, ते बघताना माझ्यासारख्या कित्येकांना त्रास झाला. एवढ्या अवाढव्य जहाजाचा खर्च झेपत नाही हे समजू शकतो. पण साठ मीटरची बोट झेपते, नॉर्वेवाल्यांनी करून दाखवलंय. एखादा जुना कोस्टर (किनाऱ्याने माल नेणारी बोट), टग, भंगारात जायच्या आधी घ्या, बेलापूर किंवा नेरूळ जेट्टीला लावा, इंजिन चालू ठेवा, चाणक्यचे कॅडेट आणि रिटायर इंजिनियर मिळून मेंटेनन्स करतील, आमच्यातले कितीतरी जण फुकट यायला तयार होतील.

आणि बोट जमेपर्यंत दोन कामं तर लगेच करता येतील. मशीद बंदरच्या रजिस्टरमधली नावं स्कॅन करून मराठीत, गावाप्रमाणे शोधता येतील अशी ऑनलाइन टाकावीत, म्हणजे गुहागरच्या माणसाला आपला पणजोबा सापडेल. आणि महापालिकेने खाडीकिनाऱ्यावर कुठेतरी या नावांच्या पाट्या लावाव्यात, ब्राँझच्या नसल्या तरी चालतील, साध्या दगडी लावा. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची नल्ली (खलाशाचं नोंदपुस्तक), डिस्चार्जचे कागद, युद्धाची मेडल किंवा बंदरावरून पाठवलेली पत्रं असतील त्यांनी ती रद्दीत देऊ नका, फोटो काढून ठेवा. आपल्या पेपरने असे कागद वाचकांकडून मागवून दर रविवारी एकेकाची माहिती छापली तर फार बरं होईल. टायपिंगचं, माहिती जुळवायचं काम करायला मी आणि माझे दोन-तीन जुने शिपमेट तयार आहोत.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनियर
नेरूळ, नवी मुंबई