परिक्रमेचा ऋतू: मुलास पत्र

नाशिक,
अधिक ज्येष्ठ, जून 2026

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. नर्मदा परिक्रमा पायी करायची असे तू ठरवलेस, हे वाचून मला आणि तुझ्या बाबांना किती समाधान वाटले ते लिहून कळणार नाही. कार्यालयातून चार महिन्यांची बिनपगारी रजा मिळण्यासारखी आहे आणि ती दसऱ्यानंतर लगेच घ्यावी की थंडी सरल्यावर फेब्रुवारीत घ्यावी, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर असे की दोन्ही वेळा योग्य नाहीत. त्याची कारणे सविस्तर लिहिते, कारण केवळ आईने सांगितले म्हणून तू ऐकावेस असे मला वाटत नाही.

परिक्रमा म्हणजे सुमारे 2,600 किलोमीटरांची चाल. मैया अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत 1,312 किलोमीटर वाहते आणि तिचे दोन्ही तीर चालायचे असतात. एवढे अंतर कोणत्याही एका ऋतूत मावत नाही. म्हणून ‘कोणता ऋतू चांगला’ असा प्रश्न विचारण्याऐवजी ‘कोणत्या महिन्यात मी कोणत्या मुलुखात असेन’ असा प्रश्न विचारावा लागतो. ओंकारेश्वर-बडवानीकडच्या सखल निमाडातला मे आणि डोंगरावरच्या अमरकंटकचा मे सारखा नसतो, तसेच भडोचची जानेवारीतली रात्र आणि मंडला-दिंडोरीच्या जंगलातली जानेवारीतली रात्र सारखी नसते. आमची चूक नेमकी इथेच झाली होती. ते पुढे लिहिते.

आधी दसऱ्याबद्दल. परंपरेने चातुर्मासात परिक्रमा थांबते. आषाढी एकादशीला परिक्रमावासी जिथे पोहोचलेला असेल तिथेच त्याने मुक्काम करायचा आणि कार्तिकातल्या प्रबोधिनी एकादशीनंतर पुन्हा पाऊल उचलायचे. परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात असे जे सांगतात, त्यात हे चातुर्मासही धरलेले असतात. हा नियम नुसता सोवळ्याचा आहे असे समजू नकोस. मैया ओलांडायची नाही, पण तिला मिळणारी प्रत्येक नदी आणि प्रत्येक नाला मात्र ओलांडावाच लागतो, आणि दक्षिण तीरावर तवा, शक्कर, दुधी, कुंदी, गोई, करजण अशी ही यादी लांबत जाते. पाऊस उशिरापर्यंत लांबला तर ऑक्टोबरातही लहान नाले मांडीभर पाण्याने वाहतात, काठची काळी माती पायाला शेर-शेरभर चिकटते आणि पायवाटांवर गवत कमरेएवढे माजलेले असते, त्यातली सापाची भीती वेगळीच. शिवाय सरदार सरोवर त्याच सुमारास काठोकाठ भरलेले असते. धरणाची पूर्ण पातळी 138.68 मीटर आहे आणि त्याचे बॅकवॉटर दोनशे किलोमीटरांहून अधिक मागे, बडवानीच्याही पुढे पसरते. पूर्वी शूलपाणीच्या झाडीतून काठाकाठाने जाणारी वाट बऱ्याच ठिकाणी त्या पाण्याखाली गेली आहे. त्यामुळे आता एक तर डोंगरातून धडगाव-मोलगीच्या बाजूने किंवा खाली शहादा-प्रकाशाच्या बाजूने, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून वळसा घ्यावा लागतो. ओल्या डोंगरउतारांवरून तो वळसा तू एकट्याने घ्यावास, हे मला पटत नाही.

तू म्हणशील की वारी तर भर पावसातच चालते. ते खरे आहे, आणि तू वारी केली आहेस म्हणूनच तुला हा फरक कळेल. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवलेली पालखी सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आषाढीला पंढरपुरी पोहोचते. बरोबर हजारो माणसे, दिंडीचा तंबू, पाण्याचा टँकर, सामान वाहणारा ट्रक आणि पुढच्या मुक्कामी तयार असलेला स्वयंपाक असतो. भिजलास तर रात्री कोरडे कपडे मिळतात. परिक्रमेत तुझे सारे घर तुझ्या पाठीवर असते. झोळी भिजली की अंथरूण, पांघरूण, सदाव्रतात, म्हणजे परिक्रमावासींना मिळणाऱ्या शिध्यात, आलेले पीठ, सगळे एकाच वेळी भिजते आणि पुढचे गाव आठ किलोमीटरांवर असते.

आता फेब्रुवारीबद्दल, आणि हे मी स्वतः भोगून लिहिते आहे. तुझ्या आत्याचे लग्न पौषाआधी उरकेपर्यंत आम्हाला निघता आले नाही, म्हणून आम्ही संक्रांत करून जानेवारीच्या मध्यावर ओंकारेश्वरहून संकल्प सोडला. पहिले दोन महिने इतके सुखाचे गेले की आपण योग्य वेळ साधली असे आम्ही एकमेकांना रोज सांगत होतो. एप्रिलच्या मध्यावर अमरकंटकला पोहोचलो तेव्हाही सालवनाच्या सावलीत हवा गार होती. मग दक्षिण तीराने परतीची वाट सुरू झाली आणि रोज थोडे थोडे करून आम्ही उन्हाळ्याच्या पोटात शिरत गेलो. नरसिंहपूर, नर्मदापुरम (तेव्हाचे होशंगाबाद) आणि मग हरदा, तोपर्यंत मे उजाडला होता. पहाटे चारला निघायचे, नऊ वाजता थांबायचे आणि संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी देवळाच्या ओसरीत पडून राहायचे. डांबरी रस्त्यावर चपलेचे तळवे मऊ पडत होते. हंडिया सोडल्यानंतर एका दुपारी बाबांना ऊन लागले. गावातल्या एका बाईने त्यांना ओल्या चादरीत गुंडाळले, कैरीचे पन्हे पाजले आणि आम्हाला चार दिवस घरातून हलू दिले नाही. त्या माऊलीचे ऋण माझ्यावर आहे. पण खरे सांगायचे तर ते चार दिवस आणि त्यानंतरचे दोन आठवडे मी मैयाकडे पाहिलेच नाही, माझे डोळे फक्त बाबांच्या चेहऱ्यावर असत. जी वाट हिवाळ्यात आठ दिवसांत संपली असती, तिला आम्हाला अठरा दिवस लागले. परिक्रमा पूर्ण झाली, सांगतेचा कढाईचा नैवेद्य केला, सारे यथासांग झाले, पण शेवटचा टप्पा जसा मनात राहायला हवा होता तसा राहिला नाही. ही एक खंत मला अजून आहे आणि ती तुझ्या वाट्याला येऊ नये एवढ्यासाठी हे सारे लिहिते आहे.

म्हणून माझे मत असे की प्रबोधिनी एकादशी ते गुढीपाडवा यांच्या आत सारी परिक्रमा बसवावी. यंदा मात्र त्यातही एक अडचण आहे. हे अधिक ज्येष्ठाचे वर्ष असल्यामुळे सगळे सण पुढे गेले आहेत. गेल्या वर्षी कार्तिकी पौर्णिमा 5 नोव्हेंबरला होती, यंदा ती 24 नोव्हेंबरला आहे. म्हणजे पौर्णिमा पाहून निघणाऱ्याचे हिवाळ्यातले एकोणीस दिवस कमी झाले. रोज 25 किलोमीटर चाल आणि आठवड्यातून एक दिवस विसावा असे धरले तर सुमारे 120 दिवस लागतात, त्यात मुखाशी समुद्र ओलांडायच्या नावेसाठीची प्रतीक्षा आणि एखाददुसरे आजारपण मिळवले तर तू मार्चअखेर पोहोचशील. पुढचा पाडवा 7 एप्रिलला आहे, म्हणून हिशोब बसतो, पण काठावर बसतो. तेव्हा पौर्णिमेच्या गर्दीची वाट न पाहता प्रबोधिनी झाल्यावर, 21 किंवा 22 नोव्हेंबरलाच तू निघावेस. पौर्णिमेनंतर ओंकारेश्वरहून मोठ्या संख्येने परिक्रमावासी एकदम निघतात आणि पुढे दोन-तीन आठवडे प्रत्येक आश्रमात आसन लावायला जागा शोधावी लागते. दोन दिवस पुढे राहिलास तर तुझाही त्रास वाचेल आणि सेवा करणाऱ्यांचाही.

कुठून निघायचे याचाही ऋतूशी संबंध आहे. मैया उजव्या हाताला ठेवून चालायचे असल्याने ओंकारेश्वरहून दक्षिण तीराने निघालास तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात समुद्रावर पोहोचशील, जानेवारीची कडाक्याची थंडी उत्तर तीरावर सपाट मुलुखात काढशील आणि अमरकंटकला फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, थंडी मऊ झाल्यावर चढशील. नर्मदा जयंती, म्हणजे माघ शुद्ध सप्तमी, 13 फेब्रुवारीला आहे. त्या दिवशी तू मंडला-दिंडोरीच्या पट्ट्यात असावास, आणि काठावरच्या लहान गावातली जयंती तुला मोठ्या घाटावरच्या जयंतीपेक्षा अधिक भावेल असा माझा अंदाज आहे. महाशिवरात्री 6 मार्चला येते, तेव्हा अमरकंटकला मोठी जत्रा भरते, त्याआधी तू तिथून निघून गेलेला असशील.

दुसरा मार्ग अमरकंटकहूनच आरंभ करण्याचा. त्यात निमाड डिसेंबर-जानेवारीत पार पडते आणि मार्चची उष्णता वाढू लागते तेव्हा तू हजार मीटर उंचीच्या सालवनाकडे चढत असतोस, म्हणजे शेवटचा टप्पा थंडाव्याकडे जातो. केवळ उन्हाचा विचार केला तर हा क्रम अधिक शहाणपणाचा आहे आणि बाबांचे मत त्याच बाजूचे आहे. पण आरंभीचे पंधरा दिवस, शरीर चालायला सरावलेले नसताना, जंगलातली विरळ वस्ती आणि गवतावरचे दव गोठवणारी थंडी तुला एकदम झेलावी लागेल. तू पहिल्यांदाच जातो आहेस. ओंकारेश्वर ते बडवानी या वाटेवर गावे जवळजवळ आहेत, पायाला फोड आले तर थांबता येते, झोळीतले जादा सामान घरी परत पाठवता येते. म्हणून मी ओंकारेश्वरच्या बाजूने आहे.

थंडीची तुला भीती वाटते असे पत्रावरून दिसले. थंडी सोसते, बाळ. तिच्यावर कांबळे, कानटोपी आणि शेकोटी हे उपाय आहेत, उन्हावर चालणाऱ्याजवळ उपाय नसतो. हिवाळ्याची खरी किंमत वेगळी आहे, ती म्हणजे दिवस लहान असतो. डिसेंबरअखेर तिकडे उजेड पावणेअकरा तासच असतो, आणि सूर्यास्तानंतर चालायचे नाही हा नियम तू पाळावास असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सकाळचे स्नान, मैयाची पूजा आणि मिळाला तर चहा यात आठ वाजतात. तेव्हा 25 किलोमीटर हे त्या दिवसांत पुरेसे अंतर आहे, कोणी पस्तीस चालतो म्हणून तू चालू नकोस. त्याच दिवसांत नरसिंहपूरकडच्या शेतांत उसाचा रस कढईत उकळत असतो. उत्तर तीराने जाताना तसा ताजा गरम गूळ कोणी हातावर ठेवला तर नाही म्हणू नकोस, त्याची चव मला अजून आठवते.

विमलेश्वरच्या नावेबद्दल थोडेसे. विमलेश्वर हे दक्षिण तीराचे शेवटचे ठिकाण, तिथून उत्तर तीरावरच्या मिठी तलाईपर्यंत समुद्रातून जावे लागते, नाव भरतीच्या वेळेवर सुटते आणि त्या आखाताच्या भरती-ओहोटीपुढे कोणाचे वेळापत्रक चालत नाही. डिसेंबरात तिथे गर्दी असते, पाणी खारे असते. दोन-तीन दिवस हातचे ठेव आणि पिण्याचे पाणी आधीच्या गावातून भरून घे.

आता तुझ्या रजेचा प्रश्न. 20 नोव्हेंबर ते 5 एप्रिल अशी साडेचार महिन्यांची रजा तू मागावीस. चारच महिने मिळाले तर ते 20 नोव्हेंबरपासूनच घे आणि शेवटच्या टप्प्यासाठी पंधरा दिवसांची हक्काची रजा राखून ठेव. एवढेही जमले नाही तर दोन हिवाळ्यांत मिळून खंड परिक्रमा करावी. काहींना ती अपुरी वाटते, मला वाटत नाही. जिथे थांबलास तिथूनच पुन्हा निघायचे आणि मधल्या काळात घरी असताना मैयाचे पाणी आणि नित्यपूजा सांभाळायची, एवढे केलेस तर पुरे. उन्हाळ्यातच जायचे असेल तर चैत्रातली उत्तरवाहिनी परिक्रमा आहे, म्हणजे मैया उत्तरेकडे वाहते तेवढ्याच भागाची, गुजरातेत रामपुरा ते तिलकवाडा आणि परत, एकवीस किलोमीटरांच्या आसपासची, एका दिवसात होणारी. ती तू आम्हा दोघांना घेऊन कर, आम्हाला आता तेवढेच झेपेल. पण मोठ्या परिक्रमेला चैत्र-वैशाखात मी तुला जाऊ देणार नाही, हे स्पष्ट लिहिते.

रजेचा अर्ज या महिन्यातच दे, म्हणजे गणपतीपर्यंत उत्तर येईल. बाबांचे कांबळे मी बाहेर काढले आहे. त्याला दोन ठिकाणी कसर लागली आहे, तेवढे रफू करून ठेवते. त्याचे वजन जेमतेम दीड किलो आहे, तेव्हा नवीन काही विकत घेऊ नकोस.

नर्मदे हर.

तुझी,
आई