ताई, तुमच्या नोट्ससाठी मनापासून थँक्यू

ताई, फोनवर थँक्यू म्हणालो होतो पण तेवढ्यावर माझं समाधान होत नाहीये, आणि तुम्ही नेमकं काय केलंत ते कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाकीच्यांनाही कळायला पाहिजे, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

कॉम्प्युटर क्लासच्या नोट्सची आधी मिळालेली पीडीएफ स्कॅन केलेली होती, म्हणजे पानांचे नुसते फोटो, स्क्रीन रीडरला (आम्हा न दिसणाऱ्यांना स्क्रीनवरचं बोलून वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्यात वाचायला काहीच सापडत नाही. काही धडे टाईप केलेले होते पण जुन्या फाँटमध्ये, तिथे डोळ्यांना मराठी दिसतं आणि आत असतात भलतीच इंग्रजी अक्षरं नि चिन्हं, माझा स्क्रीन रीडर एनव्हीडीए बिचारा तीच वाचत बसतो. तुम्ही सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरं राहतील असं, परत टाईप केलंत, धड्यांच्या नावांना खरी हेडिंग स्टाईल दिलीत (नुसतं बोल्ड करून मोठं केलं तर ते हेडिंग आहे हे आम्हाला कळतच नाही) आणि वेबपेज करून दिलंत, आता एच दाबत गेलो की पाहिजे त्या धड्यावर पोचतो.

पण सगळ्यात मोठं काम म्हणजे सूचना. "वरच्या हिरव्या बटणावर क्लिक करा" हे वाक्य मला काय कामाचं? तुम्ही प्रत्येक ठिकाणी बटणाचं नाव लिहिलंत आणि कीबोर्डने कसं करायचं तेही, जसं एक्सेलमध्ये फिल्टरला कंट्रोल शिफ्ट एल. आमच्या बॅचमधल्या एकीचे हात थरथरतात, तिला माऊस जमत नाही, तिचीही त्यानेच सोय झाली, आणि तीन कीज एकदम दाबणं अवघड म्हणून तुम्ही शेजारीच स्टिकी कीज लिहिलंत, म्हणजे कीज एकामागून एक दाबल्या तरी चालतात, शिफ्ट पाच वेळा दाबून चालू करायचं. व्हिडिओच्या आपोआप आलेल्या कॅप्शन्स बसून दुरुस्त केल्यात. फिकट करड्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक) ४.५:१ च्या, म्हणजे नीट वाचता यावं म्हणून ठरलेल्या किमान प्रमाणाच्या, वर नेलात.

आणि हे सगळं एकाच फाईलमध्ये! "अपंगांसाठी वेगळी" अशी छोटी, अर्धवट कॉपी नाही, पूर्ण बॅच तेच वाचते, त्यामुळे शेजारचा कुठल्या पायरीवर आहे ते मला कळतं, मी त्याला विचारू शकतो, कधीकधी तोच मला विचारतो. मला याचं किती बरं वाटतं ते नीट सांगताही येत नाही.

चार्टच्या धड्यातल्या चित्रांचं वर्णन अजून बाकी आहे असं म्हणालात ना, झालं की आधी मला पाठवा, मी पूर्ण ऐकून कुठे अडतं ते लगेच कळवतो.